जाळीमागचे डोळे

उरणजवळ मोऱ्याच्या धक्क्यावर सकाळी आलं की आधी पाण्याकडे बघायचं. मोठी ओहोटी असली तर गाळामुळे लाँच धक्क्याला लागत नाही. मग पाणी चढेपर्यंत थांबायचं. आज पाणी होतं. लाँच लागली. खलाशी एका हातानं खांब धरून उभा राहिला आणि दुसरा हात त्यानं पुढं केला. एकेक जण तो हात धरून आत उतरू लागला. मी रांगेत मागं होते, म्हणून बघता आलं. तो कुणाच्याही तोंडाकडे बघत नव्हता. त्याची नजर पायांवर होती.

आता मुंबईला जायला अटल सेतू झाला, उरणपर्यंत लोकलही आली. दोन्हींचं उद्घाटन एकाच दिवशी झालं, 12 जानेवारी 2024 ला. त्यानं पुष्कळांची सोय झाली. पण लोकलमध्ये चढताना असा हात कुणी देत नाही. मला अजून लाँचच बरी वाटते.

हे हात देण्याचं काम मीही तीन वर्षं केलं आहे. लाँचवर नव्हे, करमणुकीच्या एका पार्कात. तिथं अस्वल, ससा, हत्ती असे पोशाख घालून काही मुलं हिंडायची. आम्ही त्यांना कॅरेक्टर म्हणायचो. प्रत्येक कॅरेक्टरबरोबर साध्या कपड्यांतलं एक माणूस असे. फोटोत ते सहसा येत नाही. आलंच तर कडेला अर्धा खांदा येतो. अस्वलाच्या शेजारचा तो खांदा माझा.

पहिल्याच दिवशी अस्वलाच्या आतल्या मुलानं मला पोशाखाचं डोकं, म्हणजे हेड, हातात घेऊन दाखवलं. म्हणाला, डोळ्यांतून काही दिसत नाही, बघायचं तोंडातून. अस्वलाच्या उघड्या जबड्यात काळी जाळी होती. मी ते डोक्यावर घालून पाहिलं. समोरचा एक तुकडा तेवढा दिसला. खालचं काही नाही, बाजूचंही नाही. आणि लहान मूल तर नेमकं खालीच असतं. बाजूनं धावत येतं आणि पायाला मिठी मारतं.

म्हणून मी त्याच्या कोपराला हात लावून चालायचे आणि हळू आवाजात बोलत राहायचे. पायरी. डावीकडे बाळ आहे. थांब. हे घाबरलंय, पुढं जाऊ नकोस, खाली बस, ते येईल. तो मात्र बोलायचा नाही. अस्वलाला माणसाचा आवाज असून चालत नाही. त्यानं माझं बोट दोनदा दाबलं की ओळखायचं, आता सोसवत नाही, आत चल.

फोमचा थर, त्यावर केसाळ कापड, डोक्यात बारीकसा पंखा. आपल्या दमट हवेत, त्यातून ऑक्टोबरात, वीस मिनिटंसुद्धा जड जायची. पण हेड काढायचं ते दाराआड गेल्यावरच, मुलांच्या नजरेला पडू न देता. हेड निघालं की आतून चेहरा यायचा तो बुडी मारून वर आलेल्या माणसासारखा. केस कपाळाला चिकटलेले, ओठ पांढरे पडलेले. आधी पाणी. मग बराच वेळ गप्प. घटकेपूर्वी जो दिसेल त्या पोराला कवेत घेत होता, तो भिंतीला टेकून एकटा बसलेला असायचा.

बाहेर सगळे अस्वलाच्या डोळ्यांशी बोलायचे. मुलं तर बोलायचीच, मोठी माणसंही त्या गोल, चकचकीत डोळ्यांत बघून विचारायची, कसा आहेस? मी एकटी जाळीकडे बघून बोलायचे.

आमच्याकडे शिमग्याला सोंगं निघतात तेव्हा असं नसतं. तोंड कितीही झाकलं तरी चालीवरून माणूस ओळखू येतो, आणि हा अमक्याचा म्हणून बायका हसतात. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याच्या उत्सवात देवांचे मुखवटे लावून, मशालींच्या उजेडात, सांबळावर नाचतात. तिथंही देव कुणाच्या अंगावर आहे हे गावाला ठाऊक असतं. ठाऊक असूनच लोक हात जोडतात. देवही खरा आणि शेजारचा माणूसही खरा. पार्कातल्या मुलाला ही सोय नव्हती. त्याला पुरतं नाहीसं व्हावं लागायचं.

अमेरिकेत 1955 मध्ये डिस्नेलँड उघडलं, तेव्हा सुरुवातीचे पोशाख बर्फावर नाचणाऱ्या एका मंडळीकडून उसने आणले होते. तिथले कलाकार आजही ‘मी मिकी होतो’ असं म्हणत नाहीत, ‘मी मिकीचा मित्र आहे’ म्हणतात. मला हे बोलणं आवडलं. त्यात आतल्या माणसाला थोडी जागा राहते.

पार्कात एका रविवारी गर्दी फार होती. कुणीतरी माझ्या हातात मोबाइल दिला, ताई, एक फोटो काढा. मी पडद्यात बघत राहिले. पायरी म्हणायचं राहिलं. तो गुडघ्यांवर आपटला. मुलांना वाटलं, अस्वल आपल्यासाठीच खाली बसलं. पाचसहा जणं येऊन त्याच्या गळ्यात पडली. त्यानं दोन्ही हात पसरून सगळ्यांना जवळ घेतलं आणि तसाच बसून राहिला. मी बोट पुढं केलं. त्यानं ते दाबलं नाही, नुसतं धरून ठेवलं. दाराआड गेल्यावर पोशाख उतरवला तेव्हा गुडघा सोलवटला होता. त्यानं एवढंच विचारलं, ‘पायरी होती का?’

मी हो म्हणाले. तो पाणी प्यायला.

त्या कामाला पुष्कळ वर्षं झाली. तो मुलगा आता रस्त्यात समोर आला तर चेहऱ्यावरून ओळखेन की नाही, कुणास ठाऊक. चालीवरून नक्की ओळखेन. डावा पाय तो किंचित उशिरा टाकायचा.

धक्क्यावरची रांग पुढं सरकली. कडेवर भाचा होता, खांद्याला पिशवी. भाच्यानं खलाशाची टोपी बघून अंग पुढं टाकलं आणि माझ्या पायांखालचं काही मला दिसेना. लाटेनं लाँच वर आली, पुन्हा खाली गेली. ‘ताई, इकडं,’ खलाशी म्हणाला आणि त्यानं टाचेनं फळीवर ठोकलं. आवाज आला तिथं मी पाय ठेवला.