रोजचा हात



आमच्या वस्तीतला एक मुलगा तबला शिकू लागला. पंधरवड्यात कंटाळला. "गुरुजी, रोज तेच धा धिं धिं धा!" त्रितालाच्या १६ मात्रा, १, ५, १३ वर टाळी, ९ वर खाली. हे एका दिवसात पाठ होते. पण बोट न चुकता चाटेवर पडायला महिने लागतात. आधी ठाय लय, मग दुगुन. घाई केली की चुकीचाच हात पक्का बसतो.

मी रागावलो, तेव्हा त्याने एका रविवारी दिवसभर तबला बडवला. बोटे सुजली. पुन्हा सोडला. चूक माझीही होती.

सोण नावाच्या भिक्खूचे चंक्रमण करताना पाय रक्ताळले. घरी परतावे असे त्याला वाटू लागले. तो पूर्वी वीणा वाजवी. तथागतांनी त्याला विचारले, तार फार ताणली किंवा सैल सोडली तर वीणा सुरात वाजते काय? प्रयत्नही तसाच सम्यक हवा.

शीलाचेही असेच आहे. विहारात म्हटलेले पंचशील सोमवारी घरी विसरलो, तर हात बसणार कसा? मुलगा आता रोज अर्धा तास बसतो. आपणही बसू या.

जयभीम!