मनीचा कान

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत भटक्या मांजरांचं एक मंडळ आहे. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, कॉलेजातली दोन मुलं आणि नाइलाजाने मी. मांजरीचे दिवस नऊ आठवड्यांत भरतात. नुसता दूधभात घालत राहिलो, तर पुढची जनरल बॉडी मांजरांचीच भरेल, हे मंडळाला जरा उशिरा कळलं. मग पिंजरा आला. आत सुकट. पहिल्याच दिवशी सेक्रेटरींचा पाळीव बोका अडकला, ते असो.

जिन्याखालची मनी मात्र कोणाला दाद देईना. रोज माझ्या हातचं खायची, म्हणून मलाच पुढे केलं. ती विश्वासाने आत शिरली, खटकन दार पडलं आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

ऑपरेशन झालं. खूण म्हणून कानाचं टोक कापलं आणि तिला जिन्याखाली परत सोडलं.

"तिच्या भल्याचंच आहे हो," काकू म्हणाल्या. खरंय. दर पावसाळ्यात तिची पिल्लं मरताना मीच पाहिलीयत. पण मला बोर्डिंगात टाकताना वडीलही हेच म्हणाले होते. मला निदान रडून सांगता तरी आलं होतं. हिला विचारायचं कसं?

चार दिवस मनी फिरकली नाही. पाचव्या दिवशी आली. तिच्या कानाकडे न बघता मी बशी पुढे सरकवली.