गाडाभर भात, दोन रेडे, एक माणूस

जळगावहून धुळ्याला निघालं की वाटेत एरंडोल लागतं. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, असं इथली माणसं पिढ्यानपिढ्या सांगत आली आहेत. पद्मालयाच्या गणपतीचं दर्शन झालं की जवळचं भीमकुंडही दाखवतात. भीमानं बकासुराला मारलं ते इथे. एकचक्रेवर बिहारातलं आरा आणि बंगालमधलं बीरभूमही हक्क सांगतं. त्या वादात पडायचं कारण नाही. बकासुर एका गावाला पुरला नाही, एवढं त्यातून कळतं.

लहानपणी ऐकलेला बकासुर नुसता खादाड होता. आदिपर्वातला बक त्या मुलखाचा रखवालदारही आहे. त्याच्या जोरावर नगरीला परचक्राचं भय नाही. बदल्यात गाडाभर भात, दोन रेडे आणि गाडा घेऊन येणारा माणूस. घरटी पाळी लावलेली. महाभारत या खाद्याला ‘वेतन’ म्हणतं.

राखणदारच भक्षक होतो, ही गोष्ट आज मुलं संगणकावर खेळतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधला नेल्थारियन हा ड्रॅगन धरणीचा पालक म्हणून नेमलेला. प्राचीन दुष्ट देवतांची कुजबुज त्याच्या कानी लागते, तो नासतो, ‘डेथविंग’ होतो आणि 2010च्या ‘कॅटॅक्लिझम’मध्ये भूगर्भातून उसळून तीच धरणी फाडतो. गोष्ट भव्य आहे, पण सोयीचीही आहे. दोष कुजबुजणाऱ्यांचा. खेळणाऱ्यानं तलवार उपसायची. आजवर राक्षसाला कुणी पोसलं, हे त्याला कुणी विचारत नाही.

एकचक्रेत कुणी कुणाचे कान फुंकले नाहीत. तिथला राजा दुबळा, प्रजेचं रक्षण त्याला जमत नाही. ज्याच्या घरी पांडव उतरले तो ब्राह्मण कुंतीला सांगतो, अशा राजाच्या राज्यात राहतो, तेव्हा आमची हीच लायकी. पुढे तो म्हणतो, माणूस विकत घेऊन पाठवावा तर माझ्याकडे पैसा नाही. म्हणजे पैसेवाल्यांसाठी ती वाट मोकळी होती! शिवाय पाळी बऱ्याच वर्षांनी यायची. तोवर जाणारा गाडा दुसऱ्याचा.

मराठीत भ्रष्टाचार कागदावर ‘होतो’; बोलताना माणूस पैसे ‘खातो’. रस्ता खाल्ला, सिमेंट खाल्लं, जमीन गिळली. आणि पारावर कुणीतरी समजुतीनं म्हणतंच, ‘खातो, पण कामं करतो.’ बकाच्या वेतनाचा करार याहून वेगळ्या शब्दांत झाला नसेल. राखणदार नासतो तो आपल्या या समजूतदारपणावर. त्याची भूक वाढते हे खरं, पण गाडा आपणच जुंपून देतो.

भीमानं बकाला मारलं, त्याच्या गोतावळ्याकडून माणसं न मारण्याचं वचन घेतलं आणि धूड वेशीपाशी टाकून तो गुपचूप परतला. सकाळी लोकांनी काय केलं? काल पाळी कुणाची होती याचा हिशेब केला आणि ब्राह्मणाचं दार गाठलं. पाळीचं गणित गावाला पक्कं ठाऊक होतं. राजाला कुणी जाब विचारल्याचं मात्र कथेत येत नाही.

निःशस्त्र माणसांनी करायचं तरी काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मला भीमाच्या गदेपेक्षा आदल्या प्रसंगात दिसतं. बाप म्हणतो सगळेच मरू, आई म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मी. तिघंही रडताहेत, तिघंही वेतन चुकतं करायलाच निघालेत. तेवढ्यात बोबडं बोलणारं धाकटं पोर गवताची काडी उचलून म्हणतं, हिनं मी त्या राक्षसाला मारीन. रडता रडता सगळे हसतात.

काडीनं बक मरत नाही. पण त्या घरात मारण्याची भाषा पहिल्यांदा त्या पोराच्याच तोंडी आली. आणि आतापर्यंत ऐकत उभी असलेली कुंती पुढे झाली ती त्यानंतरच.