स्टीलचा डबा

2004 सालचा जुलै. तुर्भ्याच्या एमआयडीसीत बंद पडलेल्या कारखान्याची शेड भाड्याने घेऊन तिथे एका साडीच्या दुकानाची जाहिरात चित्रित होत होती. पत्र्यावर पावसाचा ताशा चाललेला, आणि वारा फिरला की एपीएमसीच्या बाजूने कांद्या-मसाल्याचा वास आत शिरायचा. अशा जागी फॅशनच्या मासिकातली चकाकी आणायची होती. जाहिरात थिएटरात दाखवायची, म्हणून पस्तीस मिलिमीटरची फिल्म.

कॅमेरामन सत्ताविशीचा. कॅमेऱ्याच्या पेटीवर त्याने परदेशी मासिकातलं एक पान चिकटवलं होतं: काळ्या साटनमधली बाई, आणि खांद्यापासून पायापर्यंत ओघळलेली प्रकाशाची एकच शुभ्र धार. इथेही साडी काळ्या साटनचीच होती. तेव्हा त्याने तेरा दिवे मागवले आणि तेराही साडीवर रोखले. स्पॉट मीटर साडीकडे धरलं, मीटर म्हणालं तेवढी लेन्स उघडली आणि शूट केलं.

लॅबमधून रश प्रिंट आली तेव्हा साडी चुलीतल्या राखेसारखी दिसत होती, तिच्यावर पांढरे ठिपके, आणि मॉडेलचा चेहरा चुना फासल्यासारखा. दुकानाचे शेठ पांढऱ्या सफारीत बसले होते. ते एवढंच म्हणाले, "आमची साडी काळी होती."

मीटरचा तसा दोष नव्हता. ते बिचारं समोरच्या प्रत्येक वस्तूला अठरा टक्के उजेड परतवणारा राखाडी पुठ्ठा समजतं. काळं दाखवलं की म्हणतं, अंधार आहे, उघडा अजून. त्याचं ऐकलं की काळ्याची राख होते आणि चेहरा जळतो. हे कॅमेरामनने पुस्तकात वाचलेलं होतं. पण शेठ मागे उभे असले की पुस्तक आठवत नाही.

दुसऱ्या खेपेला निर्मात्याने चारशे फुटांचा एकच डबा दिला. पदर संथ उडायला हवा, म्हणून कॅमेरा सेकंदाला अठ्ठेचाळीस चौकटी धावणार. त्या वेगाला चारशे फूट जेमतेम सव्वादोन मिनिटं पुरतात, आणि उजेडही दुप्पट लागतो. तरुणाने हिशेब केला आणि आणखी सहा दिवे सांगितले.

लाइटमन लोकांत एक अण्णा होते. कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओत पोरवयात केबली ओढलेले, पुढे मुंबईत आले, आता नेरुळच्या सिडकोच्या खोलीत राहायचे. जेवणाच्या सुट्टीत सगळे दिवे बंद झाले, तेव्हा ते शेडच्या उघड्या शटरपासून थोडं आत बसून डबा खात होते.

"साहेब, जरा हिकडं या," त्यांनी रिकामा डबा वर धरला. "काय दिसतंय?"

"चकाकतोय."

"ते न्हवं. त्यात काय दिसतंय?"

तरुणाने वाकून पाहिलं. डब्याच्या अंगावर उजेडाचा उभा पट्टा होता. तो पट्टा म्हणजे शटरचं दार होतं, पावसाळी आभाळासकट. अण्णांनी डबा अंधाऱ्या भिंतीकडे वळवला. पट्टा गेला, डबा काळा पडला.

"डब्याकडं काय न्हाई. दारातनं येतंय सगळं. तुम्ही तेरा बल्ब दावले, साडीनं तेरा बल्ब दावले."

तरुणाला फिल्म शाळेत ऐकलेली गोष्ट आठवली. 1956 च्या 'अपराजितो'साठी बनारसच्या घराचा सेट स्टुडिओत उभा केला, तेव्हा सुब्रत मित्रांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्या कापडावर मारले. आभाळाचा सावळा उजेड अंगणात उतरला. परीक्षेत त्याने यावर दोन पानं लिहिली होती आणि चांगले गुण मिळवले होते.

सहा दिवे त्याने परत पाठवले. साडीच्या बाजूला, जरा मागे, बारा फूट उंच पांढरं कापड ताणलं. तेराही दिवे साडीकडे पाठ करून कापडावर वळवले. समोर थर्माकोलची एक शीट, चेहऱ्यापुरती. बाकी सगळीकडे काळे कटर, काळं कापड. धारेला कडा हवी असेल तर धारेच्या दोन्ही बाजूंना अंधार उभा करावा लागतो, आणि सेटवर सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो.

या वेळी मीटर मॉडेलच्या गालाजवळ धरलं, येणारा उजेड मोजायला. फिल्म दोनशेची, पण त्याने मीटरवर सव्वाशे लावले. म्हणजे दोन तृतीयांश स्टॉप उजेड जादा. निगेटिव्हवर आधी मोठे, चपळ कण उजेड पकडतात. थोडा जादा दिला की बारीक कणही जागे होतात आणि मधल्या फटी बुजतात. मग प्रिंट काढताना लॅबने आपले दिवे मधल्या पंचविसाच्या आकड्यावरून तिसाच्या आसपास चढवायचे. चेहरा जागेवर येतो आणि काळं विहिरीसारखं खोल उतरतं.

त्याने कॅमेऱ्याला डोळा लावला. धार होती, अगदी मासिकातल्यासारखी. पण कमरेपाशी आणखी एक धुरकट पांढरा डाग होता. दिवा हलवला, डाग तिथेच. कटर सरकवला, तरी तिथेच. अण्णांनी काही न बोलता डबा मॉडेलच्या कमरेशी धरला. तरुणाने त्यात पाहिलं आणि मान वळवली. कॅमेऱ्याच्या बाजूला, पहिल्या दिवशी होते तिथेच, शेठ उभे होते. पांढऱ्या सफारीत.

पहिल्या दिवसापासून तो शेठना फक्त "हो" म्हणत आला होता. तेरा दिवेसुद्धा "जाहिरात झगमगली पाहिजे" या त्यांच्याच शब्दाखातर होते. त्याने मॅगझिनकडे पाहिलं. आत चारशे फूट.

"शेठ, तुम्हाला तिथून हलावं लागेल," तो म्हणाला. आवाज थोडा चिरकला.

शेडमध्ये पाऊस तेवढा ऐकू येत राहिला. शेठनी एकदा साडीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग ते काळ्या कापडामागे गेले आणि खुर्चीवर बसले. स्पॉट बॉयने चहा नेऊन दिला.

"रोल कॅमेरा."

"अहो," कापडामागून शेठचा आवाज आला, "मला इथून काहीच दिसत नाही!"

"तुम्हीबी आता साडीत दिसत न्हाई, शेठ," अण्णा म्हणाले आणि डब्याला झाकण लावलं.