जागा कोण, आणि कशासाठी?

रात्र एकच असली, तरी साहित्यात तिचे अर्थ मात्र परस्परविरुद्ध आढळतात. ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभी श्रीगुरूंना सूर्य कल्पिले असून, त्याच्या उदयाने अविद्येची रात्र नाहीशी होते, असे रूपक योजिले आहे. उलट ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील रात्रिसूक्तात रात्र ही आकाशाची कन्या आणि उषेची भगिनी आहे. तिच्या आगमनाने पाखरे घरट्यांत विसावतात; लांडगा आणि चोर यांस दूर ठेव, अशी तिला प्रार्थना आहे. एके ठिकाणी रात्रीतून सुटण्याची ओढ, तर दुसरीकडे तिच्या कुशीत निर्भयपणे निजण्याची.

यांपैकी खरे कोणते? गीतेचा दुसरा अध्याय या प्रश्नास निराळेच वळण देतो. इतरांची जी रात्र, तीत संयमी पुरुष जागा असतो, असे तेथे म्हटले आहे. यावरून जागरण म्हणजेच पुण्य, असा सोपा अर्थ आपण काढतो. परंतु ज्या महाभारतात गीता आहे, त्यातच सौप्तिक पर्वही आहे. त्या रात्री कृपाचार्य व कृतवर्मा निजले होते. जागा होता तो अश्वत्थामा. वडाच्या झाडावर निजलेल्या कावळ्यांना एक घुबड ठार मारीत असलेले त्याने पाहिले आणि तोच धडा घेतला. कृपाचार्यांनी परोपरीने विनविले, तरी त्याने पांडवांच्या शिबिरात शिरून निद्रिस्तांचा संहार केला. त्याच्या जागरणास पुण्य कोण म्हणेल?

आपल्या सुरतेच्या कवी नर्मदांनी १८६४ साली काढलेल्या नियतकालिकास ‘दांडियो’ हे नाव दिले. अंधाऱ्या मध्यरात्री चोराच्या शोधात फिरणारा पहारेकरी, ही त्यामागील कल्पना. तोही अश्वत्थाम्याप्रमाणे रात्री जागतो. पण निजलेल्यांना मारण्यासाठी नव्हे, त्यांना राखण्यासाठी. तात्पर्य, रात्र स्वभावतः पापिणीही नाही आणि पुण्यवतीही नाही. आपल्या जागेपणाने निजलेल्याचे काय होते, यावरून तिची किंमत ठरते.

हा विचार पोथीपुरता ठेवून भागणार नाही. आमचे इच्छापोर सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे आणि हजिऱ्याचे कारखाने रात्री थांबत नाहीत. रात्रपाळीहून परतलेला मनुष्य सकाळी अंथरुणास पाठ टेकतो, तेव्हा त्याची रात्र सुरू होते. त्याची गृहिणी भांड्यांचा आवाज होऊ देत नाही, मुलांना खुणेनेच गप्प करते. ही माउली म्हणजे त्या घरातील पहारेकरीच होय. अशा वेळी शेजारी आम्ही मोठ्या आवाजात भजन लावतो आणि धर्म केल्याचे समाधान मानतो. आमच्या हातून हे घडले आहे, हे कबूल करावयास संकोच वाटतो; परंतु कबूल केलेच पाहिजे.

कोणी म्हणेल, देवाचे नाम कोणास त्रासदायक का व्हावे? नाम त्रासदायक नाही. दुसऱ्याच्या श्रमांचा विसर त्रासदायक आहे. महाशिवरात्रीस व कोजागरीस आपण अवश्य जागावे. मात्र शेजारी कोणी निजले आहे काय, एवढे आधी पाहावे, आणि असल्यास टाळ हळू वाजवावा. आपला देव ते ऐकतोच.