उसना साक्षीदार

दिल्लीच्या उत्तरेला जी टेकडी आहे, जिला सारे शहर ‘रिज’ म्हणते, तिच्यावर हिंदूराव रुग्णालय आहे. हे हिंदूराव म्हणजे कागलकर घाटगे घराण्यातले सरदार, बायजाबाई शिंदे यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाला आणि त्याचा इथला प्रशस्त बंगला पुढे हिंदूरावांकडे आला. १८५५ मध्ये ते वारले. दोनच वर्षांनी, १८५७ च्या उठावात, याच बंगल्याभोवती दिल्लीच्या वेढ्यातली सर्वांत निकराची लढाई झाली. सिरमूर पलटणीच्या गोरख्यांनी तो महिनोन् महिने लढवला. टेकडीवरच्या त्या इंग्रज छावणीत तेव्हा गणिताचा एक हिंदुस्थानी शिक्षक आश्रयाला आला होता. त्याचे नाव मास्टर रामचंद्र.

श्रद्धा, विज्ञान आणि सत्ता यांचे नाते कसे असावे, या प्रश्नावर परंपरावादी ख्रिस्ती विचार गेली दोनशे वर्षे झगडतो आहे. हा वाद अमेरिकेतला, आपला त्याच्याशी काय संबंध, अशी आपली समजूत असते. पण त्याची सारी सूत्रे रामचंद्रांच्या एकट्याच्या आयुष्यात सापडतात.

१८२१ मध्ये पानिपतात जन्मलेले रामचंद्र दिल्ली कॉलेजात शिकले आणि तिथेच विज्ञान शिकवू लागले. बीजगणित, त्रिकोणमिती, कलनशास्त्र त्यांनी उर्दूत आणले, उर्दूत नियतकालिके चालवून अंधसमजुतींवर लिहिले. १८५० मध्ये त्यांनी पदरमोड करून महत्तम आणि लघुतम मूल्यांवरचा इंग्रजी ग्रंथ कलकत्त्यात छापला. कलनशास्त्राला हात न लावता केवळ वर्गसमीकरणाच्या बळावर असे प्रश्न सोडवायचे, ही त्याची प्रतिज्ञा. दोन संख्यांची बेरीज दहा असेल तर गुणाकार जास्तीत जास्त किती? समीकरण मांडले की उत्तराच्या मुळाखाली ऋण संख्या येऊन चालत नाही, आणि तेवढ्या एका अटीतून पंचवीस ही सीमा आपोआप हाती येते. लंडनचे गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांना या रीतीत भारतीय बीजगणिताच्या परंपरेची खूण दिसली. त्यांच्या पुढाकाराने तो ग्रंथ १८५९ मध्ये लंडनला पुन्हा प्रसिद्ध झाला.

त्याआधीच, १८५२ मध्ये, रामचंद्रांनी डॉ. चिमनलाल यांच्यासोबत बाप्तिस्मा घेतला होता आणि दिल्लीत मोठी खळबळ उडाली होती. नव्या विद्येने प्रथम त्यांचा सगळ्याच धर्मांवरचा विश्वास उडवला होता, ख्रिस्ती धर्मावरचासुद्धा. ज्यांच्या ज्ञानाविषयी आदर होता असे इंग्रज चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करताना दिसले, तेव्हा त्यांना नव्याने विचार करावासा वाटला आणि ते नवा करार वाचू लागले. म्हणजे विज्ञानाने त्यांना श्रद्धेपर्यंत पोचवले नाही. श्रद्धा विज्ञानाच्या आड येतेच असे नाही, एवढे मात्र त्यांना पटले.

मिशनऱ्यांचा दावा यापेक्षा कितीतरी मोठा होता. १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’ने मराठी वाचकाला भूगोल, खगोल, पदार्थविज्ञान दिले. हे ऋण मराठीने मान्य करायलाच हवे. पण त्या लेखनामागे एक युक्तिवाद होता: पृथ्वी गोल आहे, क्षीरसागर नकाशावर नाही, म्हणून पुराणे खोटी आणि म्हणून बायबल खरे. यातली शेवटची पायरी तर्काने येत नाही. विज्ञान इथे दुसऱ्याविरुद्ध उभा केलेला साक्षीदार होता, आणि साक्षीदाराची उलटतपासणी होतेच, हे मिशनऱ्यांनी ध्यानात घेतले नाही.

ती उलटतपासणी फार लवकर झाली. एप्रिल १८५४ मध्ये आग्र्याला पाद्री फांडर आणि मौलाना रहमतुल्ला कैरानवी यांचा जाहीर वाद झाला. कैरानवींचे सहकारी डॉ. वझीर खान यांच्याकडे युरोपातल्या बायबल-चिकित्सेचे ग्रंथ होते. वेगवेगळ्या हस्तलिखितांत पाठभेद आहेत हे ख्रिस्ती पंडितांच्याच लेखनातून पुढे आले आणि फांडर यांना ते कबूल करावे लागले. १८५७ च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी जॉर्ज बोवेन आदी मिशनऱ्यांशी वाद घातले, तेव्हा मराठी श्रोत्यांनीही पाहिले की प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारता येतात. खुद्द रामचंद्रांनी पुढे कुराणाच्या पाठशुद्धतेवर टीका करणारे पुस्तक लिहिले. तीच कसोटी बायबलाला लावण्याची तयारी त्यांच्या लेखनात तेवढी दिसत नाही. इतक्या प्रामाणिक गणितज्ञाचा हा दुबळेपणा आहे, आणि तो त्यांच्या एकट्याचा नाही.

रामचंद्रांचा ग्रंथ लंडनला निघाला त्याच १८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर परंपरावादी ख्रिस्ती विचाराला दोन वाटा फुटल्या. प्रिन्स्टनचे बेंजामिन वॉरफिल्ड बायबल निर्दोष आहे असे ठामपणे मानत, तरीही उत्क्रांती हे ईश्वराच्या हातचे साधन असू शकते ही शक्यता त्यांनी नाकारली नाही. दुसरी वाट कायद्याकडे गेली. टेनेसी राज्याने मानवाची उत्क्रांती शिकवण्यावर बंदी घातली आणि १९२५ मध्ये डेटन गावात जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला झाला. सरकारतर्फे उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन हे शेतकऱ्यांचे कैवारी होते. ‘बळी तो कान पिळी’ हाच निसर्गनियम ठरला तर दुबळ्यांचे काय, ही त्यांची भीती खरी होती आणि वंशशुद्धीच्या त्या काळात ती अनाठायीही नव्हती. चुकीचा होता तो उपाय. नीतीचा प्रश्न त्यांनी जीवशास्त्राच्या वर्गात, पोलिसांच्या मदतीने सोडवायचे ठरवले. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर खटल्यात सजीवांमागे बुद्धिमान रचनाकार आहे असे सांगणारा ‘बुद्धिमान रचने’चा सिद्धांत विज्ञान नाही असा निकाल देणारे न्यायाधीश जॉन जोन्स हे रिपब्लिकन अध्यक्ष बुश यांनीच नेमलेले होते. मानवी जनुकसंच प्रकल्पाचे नेतृत्व करणारे फ्रान्सिस कॉलिन्स इव्हँजेलिकल श्रद्धावंत आहेत आणि उत्क्रांती मानतात. त्यांची श्रद्धा जनुकांकडे पुरावा मागत नाही आणि त्यामुळेच जनुकांच्या अभ्यासात तिची लुडबुड होत नाही.

सत्तेच्या आधाराची किंमत मात्र रामचंद्रांना स्वतःच्या अंगावर मोजावी लागली. ११ मे १८५७ रोजी उठाव दिल्लीत पोचला आणि त्यात चिमनलाल मारले गेले. रामचंद्र निसटले, छावणीत पोचले आणि इंग्रजांसाठी भाषांतराचे काम करू लागले. सप्टेंबरात दिल्ली पडली. आपल्या धर्माचे लोक जिंकले म्हणून ते निर्धास्त व्हायला हवे होते. त्याऐवजी रस्त्यात गोऱ्या अधिकाऱ्यांनी त्यांना मारले. आपण ख्रिस्ती आहोत असे सांगूनही उपयोग झाला नाही, कारण मारणाऱ्याला फक्त कातडीचा रंग दिसत होता. त्यांनी लष्करी गव्हर्नर कर्नल बर्न यांच्याकडे लेखी तक्रार केली. १८८० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांची श्रद्धा मात्र टिकली.

स्वतंत्र भारतात हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. कलम २५ धर्मप्रसाराचा हक्क देते. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आज अनेक राज्यांत धर्मांतरविरोधी कायदे आहेत आणि परंपरावादी ख्रिस्ती त्यांना विरोध करतात. माणसाच्या अंतःकरणात सरकारने डोकावू नये, हे त्यांचे म्हणणे रास्त आहे. पण २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले, तेव्हा त्या निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देणाऱ्यांत अ‍ॅपोस्टॉलिक चर्चेस अलायन्स आणि उत्कल ख्रिश्चन कौन्सिल याही संस्था होत्या. सरकारने माझ्या प्रार्थनेपासून दूर राहावे पण दुसऱ्याच्या शय्यागृहात शिरावे, या दोन मागण्या एका तोंडाने करता येत नाहीत. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी वेगळी भूमिका घेतली: चर्चची विवाहविषयक शिकवण कायम आहे, पण समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानू नये. त्यांनी शिकवणुकीला मुरड घातली नाही, फक्त तिच्यासाठी पोलीस बोलावले नाहीत. परंपरेशी निष्ठा राखून लोकशाहीत वावरण्याची ही रीत आहे.

शालेय पुस्तके तयार करणाऱ्या, दिल्लीतच मुख्यालय असलेल्या एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला, त्यावर २०२३ मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी जाहीर निषेध केला. हा निर्णय कोणत्याही चर्चच्या मागणीवरून झालेला नाही, म्हणून परंपरावादी ख्रिश्चनांनी आपल्याला काय त्याचे, असे म्हणू नये. हे पुस्तक शिकणारी, पण बारावीला जीवशास्त्र न घेणारी मुले डार्विनची ओळख न होताच शाळेबाहेर पडतील. दिल्ली, मुंबई, पुणे, नगर इथल्या मिशनच्या शाळांनी एकोणिसाव्या शतकात दुसऱ्यांच्या समजुती तपासायला विज्ञान शिकवले. ते गळलेले प्रकरण आपल्या वर्गात शिकवायला त्यांना कोणाची बंदी नाही. ज्या शाळेत सकाळी प्रार्थना होते त्याच शाळेत दुपारी जीवाश्म, जनुके आणि माणसाचे पूर्वज यांचा पाठ पूर्ण प्रामाणिकपणे झाला, तर आग्र्याला १८५४ मध्ये अर्धवट राहिलेल्या प्रश्नाला चर्च स्वतःहून सामोरे जाईल, आणि तेही कोणी प्रतिवादी समोर उभा नसताना.