अस्वलाच्या मुखी घास

अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात फिशिंग ब्रिज नावाचे ठिकाण आहे. सरोवरातून नदी बाहेर पडते तिथेच, पाइनच्या रानात, आरव्हींचा म्हणजे चाकांवरच्या घरांचा तळ आहे. गाडी लावायची; पाणी, वीज आणि सांडपाण्याचा पाइप जोडायचा की फ्रीज, शेगडी, न्हाणीघर सगळे सुरू. तंबू ठोकायला मात्र इथे सक्त मनाई. कापडी भिंतींची गाडीही चालत नाही, कारण हा ग्रिझली अस्वलांचा मुलूख आहे. माणूस इथे रात्रीपुरता पाहुणा.

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की तिकडची मराठी कुटुंबेही अशी गाडी भाड्याने घेऊन निघतात. संध्याकाळी बाहेरच्या बाकावर खिचडीचा कुकर, पापड, लोणच्याची बरणी असा थाट मांडला जातो. जेवण उरकले की सगळे लगेच आत न्यायचे, असा तळाचा नियम. तेलाची बाटली, चहाचे पातेले, कुत्र्याचा वाडगा, इतकेच काय, टूथपेस्ट आणि साबणसुद्धा. भांडी विसळलेले पाणी झाडाखाली ओतायचे नाही. उरलेला भात पाखरांना घालणाऱ्या आजीला हे खटकणारच. अन्न वाया जाऊ नये, कुणा जिवाच्या मुखी लागावे, या संस्कारात ती वाढली आहे. संस्कार थोरच आहे, पण रानाच्या वेशीवर तो जीवघेणा ठरतो.

याच यलोस्टोनमध्ये एके काळी हॉटेलांचा कचरा उघड्यावर टाकत आणि तो खायला येणारी अस्वले पाहायला लोक बाकांवर गर्दी करत. रस्त्याकडेला अस्वले गाड्यांपाशी येत, लोक कौतुकाने खिडकीतून पाव देत. ग्लेशियर उद्यानातल्या एका विश्रामगृहाबाहेर पाहुण्यांच्या करमणुकीसाठी रोज रात्री खरकटे मांडले जाई. ऑगस्ट १९६७ मध्ये त्या उद्यानात एकाच रात्री, दोन वेगळ्या ठिकाणी, ग्रिझलींनी दोन तरुणींचा बळी घेतला. त्यातली एक त्याच विश्रामगृहाजवळ झोपली होती. मग नियम कडक झाले. १९७० मध्ये यलोस्टोनचे उघडे उकिरडे बंद झाले. त्यावर पोसलेली अस्वले भुकेली होऊन तळांवर येऊ लागली आणि कित्येक मारली गेली. १९७५ मध्ये ग्रिझलीला कायद्याचे संरक्षण द्यावे लागले, तेव्हा त्या प्रदेशात ती दीडशेही उरली नव्हती, असा अंदाज आहे.

अस्वलाचे नाक तिखट आणि स्मरण पक्के. एकदा सहज अन्न मिळाले की ते पुन्हा येते, दार फोडते, पिलांनाही तीच वाट दाखवते. शेवटी माणसांच्या सुरक्षेसाठी त्याला गोळी घालावी लागते. घास देणारा तोवर आठवणीतले फोटो घेऊन घरी पोहोचलेला असतो.

मला इथे दानाचा खरा प्रश्न दिसतो. देताना आपल्याला वाटणारे समाधान खरे असते, आपला हेतूही निर्मळ असतो. पण त्या दानाची किंमत कोण मोजतो, हे पाहिल्याशिवाय त्याला पुण्य कसे म्हणायचे? भुकेल्या माणसाला जेवू घालणे आणि रानातल्या जिवाला आपल्या डब्याची सवय लावणे ही एकाच तागडीत तोलण्याजोगी कृत्ये नव्हेत. रानातला प्राणी आपले अन्न शोधायला समर्थ असतो. त्याचे ते सामर्थ्य आपल्या मायेने हिरावून घेऊ नये, इतकी दया तरी आपल्यात हवी.

आणि हे पाहायला यलोस्टोनला जावे लागत नाही. आपल्या घाटरस्त्यांच्या वळणावळणावर माकडे रस्त्यात बसलेली असतात, कारण गाड्या थांबतात आणि बिस्किटाचे पुडे फुटतात. मग कुणा मुलाच्या हातची पिशवी हिसकावली जाते, कुठे पिलू चाकाखाली येते. येत्या पावसाळ्यात घाटात जाल तेव्हा मुलांना माकडे जरूर दाखवा. गाडीची काच मात्र बंद ठेवा, आणि खाऊचा डबा घरी परतेपर्यंत उघडू नका.